थर्ड-पार्टी कुकी राहिली. आता ब्राउझरमध्ये काय बदलायचं?

२२ एप्रिल २०२५ रोजी गूगलनं एक छोटं निवेदन काढलं. क्रोम ब्राउझरमधल्या थर्ड-पार्टी कुकीजची व्यवस्था आहे तशीच राहील आणि त्याबद्दल वापरकर्त्यांना वेगळी चौकट दाखवून विचारलंही जाणार नाही, असा त्याचा आशय होता. त्यामागे पाच वर्षांची चालढकल होती. याच कंपनीनं जानेवारी २०२० मध्ये या कुकीज दोन वर्षांत बंद करण्याचा शब्द दिला होता. मुदत आधी २०२३ वर गेली, मग २०२४ वर, मग २०२५ वर. जुलै २०२४ मध्ये बंदीचा बेतच सोडून दिला आणि निवड वापरकर्त्यावर सोपवू असं सांगितलं. पुढच्या एप्रिलमध्ये तेही राहिलं. कुकीला पर्याय म्हणून गाजावाजा करून उभारलेल्या ‘प्रायव्हसी सँडबॉक्स’मधली बहुतेक तंत्रं गुंडाळत असल्याचं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं.

ज्यांच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर क्रोम आहे, त्यांच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. जाहिरात कंपन्यांचा पाठलाग आपोआप थांबणार नाही. तो बराचसा थांबवण्याची सोय मात्र त्याच ब्राउझरमध्ये आहे, फुकट आहे आणि तिच्यासाठी तांत्रिक शिक्षण लागत नाही. अर्धा तास काढला तर त्यातली महत्त्वाची कामं उरकतात. कोणतं काम आधी करावं आणि कोणत्या उपायावर फार भिस्त ठेवू नये, हे कळण्यासाठी हा पाठलाग चालतो कसा ते थोडं समजून घ्यायला हवं.

कुकी जन्मली १९९४ मध्ये. नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण अभियंत्यासमोर साधी अडचण होती. वेबसाइटला स्मरणशक्ती नव्हती. एका पानावर निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर गेलं की साइट विसरून जाई, मग ऑनलाइन दुकान चालणार कसं? माँटुली यांनी तोडगा काढला. साइटनं एक छोटी नोंद ब्राउझरकडे ठेवायला द्यायची आणि पुढच्या वेळी ब्राउझरनं ती परत दाखवायची. ज्या साइटची नोंद तिलाच ती दिसेल, हे पथ्य त्यांनी मुद्दाम पाळलं होतं. वापरकर्त्यामागे साइट बदलली तरी फिरत राहील असा एकच क्रमांक त्यांना नको होता.

पण एका पानातले सगळे तुकडे एकाच ठिकाणाहून येत नाहीत. बातमी वर्तमानपत्राच्या सर्व्हरवरून येते, शेजारची जाहिरात दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते, आणि ती कंपनीही स्वतःची कुकी ठेवू शकते. हीच थर्ड-पार्टी कुकी. वेबवरच्या पहिल्या बॅनर जाहिरातींपैकी एक, ‘हॉटवायर्ड’ या साइटवरची एटी अँड टी कंपनीची, २७ ऑक्टोबर १९९४ रोजी झळकली. म्हणजे कुकी आणि बॅनर जाहिरात एकाच वर्षाची अपत्यं. धोका दिसलाच नव्हता असंही नाही. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या तज्ज्ञांनी फेब्रुवारी १९९७ मध्येच लिहून ठेवलं होतं की अशा परक्या कुकीज ब्राउझरनं मुळात स्वीकारू नयेत. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या तेव्हाच्या दोन्ही बड्या ब्राउझर कंपन्यांनी ती सूचना अमलात आणली नाही. आजचा सगळा बाजार त्या दुर्लक्षावर उभा आहे.

सकाळी एखाद्यानं मराठी बातम्यांची साइट पाहिली, दुपारी गुडघेदुखीवरचा लेख वाचला आणि रात्री गृहकर्जाच्या व्याजाचा हिशेब केला. तिन्ही साइट वेगवेगळ्या मालकांच्या, त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पण तिन्हींवर एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा असेल, तर त्या कंपनीला तिन्ही भेटी एकाच ब्राउझरच्या नावावर मांडता येतात. बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानाच्या दारात एकच माणूस वही घेऊन बसलेला असावा, तसं हे आहे. नाव ठाऊक नसलं तरी वय, गाव, आजार, पैशाची ओढ, घरात लग्न किंवा बाळंतपण आहे का, याचा अंदाज त्या वहीतून बांधता येतो.

ही वही लिलावात उपयोगी पडते. पान उघडत असतानाच रिकाम्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो आणि तो साधारण एक दशांश सेकंदात संपतो. कोणतं पान उघडलं जातंय, उपकरण कोणतं, ठिकाण अंदाजे कुठलं, ओळख-क्रमांक काय, ही माहिती बोली लावणाऱ्या अनेक कंपन्यांकडे जाते. बोली एकच कंपनी जिंकते, पण माहिती हरणाऱ्यांच्याही हाती पडलेली असते. डोळ्यांना दिसते ती एक जाहिरात. त्या एका जाहिरातीसाठी माहिती किती ठिकाणी गेली, हे वाचकाला कधीच कळत नाही. गोपनीयतेची खरी हानी इथे होते.

दुसऱ्या ब्राउझरांनी हे आधीच रोखलं. ॲपलनं २०१७ पासून सफारीमध्ये निर्बंध घट्ट करत नेले आणि मार्च २०२० मध्ये थर्ड-पार्टी कुकीज पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सनं सप्टेंबर २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ज्ञात कंपन्यांच्या कुकीज सगळ्यांसाठी अडवल्या आणि जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीजना वेगळ्या कप्प्यात कोंडायला सुरुवात केली. एका साइटवर ठेवलेली नोंद त्यामुळे दुसऱ्या साइटवर वाचता येत नाही. क्रोम मागे राहिला. त्याचं मोठं कारण उत्पन्नात दिसतं. गूगलच्या मूळ कंपनीचं, अल्फाबेटचं २०२४ मधलं उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होतं आणि त्यातले सुमारे २६५ अब्ज जाहिरातींचे. न्यायाला धरून दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानं या बदलावर देखरेख ठेवली होती. कुकीज गेल्या तर छोट्या जाहिरात कंपन्या आंधळ्या होतील आणि स्वतःकडे अमाप माहिती असलेलं गूगल आणखी बलवान होईल, अशी रास्त भीती तिथे मांडली गेली होती. या ओढाताणीत वापरकर्त्याचा प्रश्न मात्र तसाच पडून राहिला.

तेव्हा सुरुवात क्रोमपासून करावी. संगणकावर उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, मग ‘सेटिंग्ज’, त्यात ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘थर्ड-पार्टी कुकीज’. तिथे त्या ब्लॉक करण्याचा पर्याय निवडावा. अँड्रॉइड फोनवर तीन ठिपके, ‘सेटिंग्ज’, ‘साइट सेटिंग्ज’ आणि मग ‘थर्ड-पार्टी कुकीज’. मेन्यूंची नावं आवृत्तीगणिक थोडी इकडेतिकडे होतात. संगणकावर सेटिंग्जच्या शोधपट्टीत कुकी हा शब्द टाकला की नेमकी जागा सापडते. हा पर्याय निवडल्यावर जुन्या कुकीज एकदा पुसून टाकाव्यात. तसं केल्यावर सगळ्या साइटवरून लॉगआउट होतं, म्हणून पासवर्ड हाताशी आहेत याची खात्री आधी करून घ्यावी.

यानं काही बिघडतं का? क्वचित. ज्या साइटच्या पानात दुसऱ्या सेवेची खिडकी उघडते, पैसे भरण्याची, लॉगिनची किंवा अभ्यासक्रमाच्या व्हिडिओची, तिथे कधी अडखळायला होतं. अशा वेळी लोक वैतागून सगळंच पुन्हा चालू करतात आणि केलेलं काम वाया जातं. त्याच सेटिंगच्या पानावर ठरावीक साइटना परवानगी देण्याची यादी असते. अडलेली ती एकच साइट यादीत घालावी, बाकी दार बंदच ठेवावं.

ज्यांना एवढंही करायचं नाही, त्यांनी ब्राउझर बदलावा. सेटिंग बदलण्यापेक्षा हा उपाय टिकाऊ आहे, कारण मुळातच नीट ठेवलेली व्यवस्था कोणी विसरलं तरी चालू राहते. अँड्रॉइडवर फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह घ्यावा. आयफोनवर सफारी आहेच. फायरफॉक्समध्ये ‘एन्हान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन’ची ‘स्ट्रिक्ट’ पातळी निवडता येते. ब्रेव्हमध्ये बहुतेक अडवणूक पहिल्या दिवसापासून चालू असते. जावास्क्रिप्ट ही वेबची भाषा १९९५ मध्ये रचणारे ब्रेंडन आइक हे ब्रेव्हचे एक संस्थापक. रोजच्या वाचनाला एक ब्राउझर आणि बँक, आयकर, रेल्वे आरक्षण यांसाठी दुसरा, अशी वाटणी पुष्कळांना सोयीची पडते. सरकारी साइट कधी क्रोमवरच नीट चालतात, तो प्रश्नही त्यातून सुटतो.

मात्र कोणत्याही ब्राउझरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जून २०२० मध्ये ब्रेव्हचं एक कृत्य उघडकीला आलं. वापरकर्ता क्रिप्टो व्यवहारांच्या काही साइटचा पत्ता टाइप करू लागला की ब्राउझर त्याला स्वतःच्या दलालीचा सांकेतांक जोडत होता. आइक यांनी जाहीर माफी मागून ते काढून टाकलं. जुलै २०२४ मध्ये फायरफॉक्सनं जाहिरातींचा परिणाम मोजण्याचं एक तंत्र न विचारता चालू ठेवलं आणि टीका ओढवून घेतली. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बरंचसं उत्पन्न तर गूगलच्याच शोधयंत्राच्या करारातून येतं. प्रत्येक ब्राउझरमागे कोणाचा तरी धंदा आहे, म्हणून वर्षातून एक-दोनदा सेटिंग्जचं पान वरपासून खालपर्यंत वाचावं.

आता एक्स्टेंशनकडे, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामांकडे. इथे थोडं थांबायला हवं, कारण गोपनीयता जपायला निघालेली माणसं सर्वांत जास्त इथेच फसतात.

अव्हास्ट ही अँटिव्हायरस बनवणारी नामांकित कंपनी. तिचं ब्राउझर एक्स्टेंशन माग काढणाऱ्यांपासून वाचवतं, असं ग्राहकांना सांगितलं जाई. जानेवारी २०२० मध्ये दोन अमेरिकी प्रकाशनांनी दाखवून दिलं की ग्राहकांनी काय काय पाहिलं याची तपशीलवार माहिती हीच कंपनी ‘जंपशॉट’ या उपकंपनीमार्फत विकत होती. काही दिवसांतच जंपशॉट बंद करावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला बंदी घातली. शंभराहून अधिक कंपन्यांना ती विकली गेली होती. ज्याला पहारेकरी म्हणून नेमलं, त्यानंच घरातल्या हालचाली विकल्या.

जर्मनीतलं उदाहरण याहून अंगावर येणारं आहे. स्फेया एकर्ट या पत्रकारानं एक खोटी मार्केटिंग कंपनी उभी करून माहितीच्या दलालांकडे नमुना मागितला. तिला जवळपास ३० लाख जर्मन नागरिकांच्या महिनाभराच्या ब्राउझिंगची नोंद मिळाली, तीही फुकट. तिचा मोठा भाग काही लोकप्रिय एक्स्टेंशनांमधून गोळा झालेला होता. नावं काढून टाकलेली, निनावी माहिती असल्याचा दावा होता. अँड्रियास डेवेस या शास्त्रज्ञासोबत तिनं ती तपासली आणि निनावीपणा किती पोकळ आहे हे २०१७ च्या ‘डेफ कॉन’ परिषदेत मांडलं. ट्विटरवरची स्वतःची आकडेवारी पाहण्याचं पान ज्यानं उघडलं, त्या पानाच्या वेबपत्त्यातच त्याचं खातं लिहिलेलं असे. तो एक धागा सापडला की उरलेला सगळा महिना त्या माणसाच्या नावावर लागे. एका न्यायाधीशाच्या खासगी सवयी आणि एका खासदाराचं औषध अशा रीतीनं उघडं पडलं.

म्हणून एक्स्टेंशन घालताना जी परवानगी मागितली जाते ती वाचावी. ‘सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी ती असेल, तर बँकेचं पानही त्यात आलं. रंग बदलणारं, कूपन शोधणारं, व्हिडिओ उतरवून घेणारं एक्स्टेंशन हे मागत असेल तर ते नकोच. आधीपासून असलेल्यांची यादी काढून जे वापरात नाही ते आजच काढून टाकावं.

जाहिराती अडवण्यासाठी एकच एक्स्टेंशन पुरतं, आणि ते ‘यूब्लॉक ओरिजिन’. ते रेमंड हिल या कॅनडातल्या प्रोग्रामरनं लिहिलं. ते मोफत आहे, त्याचा स्रोत खुला आहे आणि हिल देणग्याही घेत नाहीत. क्रोमनं मात्र २०२४-२५ मध्ये एक्स्टेंशनांचे नियम बदलले आणि ते क्रोममधून बाद झालं. सुरक्षितता आणि वेग वाढवण्यासाठी हे केलं, असं गूगलचं म्हणणं. त्यातून अडवणूक करणाऱ्या एक्स्टेंशनांची ताकद कमी झाली, हे वास्तव. क्रोमवर आता ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ मिळतं. ते बऱ्यापैकी काम करतं. मूळ, पूर्ण ताकदीचं रूप फायरफॉक्सवर चालतं आणि अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही घालता येतं. फोनवर हे मिळणं हा मोठा लाभ आहे, कारण हळू नेटवर जाहिरातींनी लादलेली पानं उघडताना डेटा आणि बॅटरी दोन्ही खर्च होतात. नाव अक्षर अन् अक्षर तपासून घ्यावं. २०१८ मध्ये ॲडगार्ड कंपनीनं क्रोमच्या दुकानातली पाच घातक एक्स्टेंशन शोधून काढली, त्यातल्या एका नकली ॲडब्लॉकरचं नाव होतं ‘यूब्लॉक प्लस’. ही पाचही मिळून दोन कोटींहून अधिक वेळा उतरवली गेली होती.

कुकी अडवली, ब्राउझर बदलला, एक्स्टेंशन घातलं, आणि त्यानंतर त्याच ब्राउझरमध्ये गूगल खात्यानं लॉगिन करून ठेवलं, तर मोठी फट उरते. शोधलेले शब्द आणि पाहिलेले व्हिडिओ मग थेट खात्यावर लिहिले जातात, त्यासाठी परक्या कुकीची गरजच नाही. गूगल खात्यातल्या ‘डेटा अँड प्रायव्हसी’ विभागात जावं. ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ बंद करावी, किंवा निदान तीन महिन्यांनी आपोआप पुसण्यावर ठेवावी. तिथे अठरा आणि छत्तीस महिन्यांचेही पर्याय आहेत, सर्वांत कमी तो निवडावा. ‘माय ॲड सेंटर’मध्ये वैयक्तिक जाहिराती बंद करता येतात. गूगलनं आपल्याबद्दल काय काय ताडून ठेवलंय, हेही त्या पानावर दिसतं. ते एकदा पाहावंच. आपण कुणालाही न सांगितलेल्या गोष्टींचे अंदाज तिथे वाचले की अर्ध्या तासाच्या या कामाचं महत्त्व आपोआप पटतं.

इनकॉग्निटो खिडकीबद्दलचा गैरसमज अमेरिकेतल्या एका खटल्यानं दूर केला. ती खिडकी त्या उपकरणावर इतिहास उरू देत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणी फोन घेतला तर त्याला दिसू नये, इतक्यापुरती ती चांगली. साइट, इंटरनेट कंपनी आणि ऑफिसचं नेटवर्क यांच्यापासून ती लपवत नाही. २०२० मध्ये गूगलवर यावरूनच दावा झाला आणि एप्रिल २०२४ च्या तडजोडीत कंपनीनं अशा ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचं आणि खिडकीवरची सूचना स्पष्ट करण्याचं मान्य केलं. क्रोमची इनकॉग्निटो खिडकी थर्ड-पार्टी कुकीज मुळातच अडवते, तेवढा तिचा अधिकचा उपयोग.

कुकीशिवायही ब्राउझर ओळखता येतो. पडद्याचा आकार, फॉन्ट, भाषा, वेळेचा पट्टा, ग्राफिक्स कार्डाची लकब असे बारीक तपशील एकत्र केले की ते ठशासारखे वेगळे ठरतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी २०१० मध्ये ४ लाख ७० हजारांवर ब्राउझर तपासले, तेव्हा ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले. त्या संस्थेची ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ ही मोफत चाचणी आजही करून पाहता येते. इथे सामान्य वापरकर्त्यानं फार खटाटोप करू नये. दहा विचित्र सेटिंग्ज बदलल्या तर ब्राउझर गर्दीतून आणखी वेगळा दिसू लागतो.

फोनवर अडचण ॲप्सची आहे. जून २०२५ मध्ये स्पेन, नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवलं की अँड्रॉइडवरची फेसबुक आणि इन्स्टाग्राम ॲप्स पार्श्वभूमीत फोनच्याच अंतर्गत मार्गांवर कान लावून होती. वेबसाइटवरचा मेटाचा, म्हणजे या ॲप्सच्या मालक कंपनीचा, माग काढणारा तुकडा ब्राउझरमधून त्या ॲपला निरोप देई आणि निनावी ब्राउझिंग थेट खऱ्या नावाच्या खात्याला जोडलं जाई. कुकीज पुसून किंवा इनकॉग्निटो वापरूनही ते थांबत नव्हतं. बातमी बाहेर येताच मेटानं ते बंद केलं. यांडेक्स ही रशियन कंपनी अशीच पद्धत २०१७ पासून वापरत होती. यावर घरगुती उपाय एकच. जे ॲप रोज लागत नाही ते काढून टाकावं आणि ती सेवा ब्राउझरमधून वापरावी. शिवाय अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲड्स’ शोधून जाहिरातीचा ओळख-क्रमांक पुसून टाकावा. आयफोनवर ‘ट्रॅकिंग’च्या पानावर ॲप्सची विनंतीच नाकारून ठेवता येते.

हे एवढं कशासाठी, असं वाटू शकतं. जाहिरातच तर आहे, दिसली तर दिसली. आजारपणाच्या बाबतीत हा युक्तिवाद टिकत नाही. औषधांच्या किमती शोधून देणाऱ्या ‘गुडआरएक्स’ या अमेरिकी सेवेनं लोकांची औषधं आणि आजार यांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, गूगल आदींना पुरवल्याबद्दल फेब्रुवारी २०२३ मध्ये १५ लाख डॉलरचा दंड मान्य केला. पुढच्याच महिन्यात ‘बेटरहेल्प’ या मानसोपचार सेवेवर ७८ लाख डॉलर भरण्याची वेळ आली. मन मोकळं करायला आलेल्या लोकांच्या ईमेलसारख्या ओळखी तिनं जाहिरात कंपन्यांना दिल्या होत्या. आरोग्य, कर्ज आणि कायदेशीर सल्ला या तीन विषयांवरचा शोध म्हणूनच लॉगिन नसलेल्या, अडवणूक चालू असलेल्या ब्राउझरमध्ये करावा. जाहिरातींबाबत दुसरं काहीही केलं नाही तरी एवढं पाळावं.

साइट उघडताच येणाऱ्या कुकीच्या चौकटीत ‘रिजेक्ट ऑल’ दिसलं तर तेच दाबावं. पुष्कळदा ते दिसत नाही, आत कुठेतरी दडवलेलं असतं. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगानं जानेवारी २०२२ मध्ये नेमक्या याच कारणासाठी गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला. होकार एका क्लिकमध्ये आणि नकार अनेक क्लिकनंतर, ही मांडणी तिथे बेकायदा ठरली. भारतात कायद्याची तरतूद आहे, अंमल अजून यायचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांनी दीड वर्षाची सवलत दिली आहे, म्हणजे २०२७ चा मे उजाडेल. दोन तरतुदी मराठी वाचकांनी आतापासून लक्षात ठेवाव्यात. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. आणि दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असावं लागेल.

मुलांबाबत हा कायदा अधिक कडक आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला तो काही अपवाद सोडून मनाई करतो. उल्लंघनाला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण ऑनलाइन शिकवण्या आणि खेळ आजच चालू आहेत. मुलांच्या हातातल्या फोनवर वेगळा ब्राउझर, वेगळं खातं आणि जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन ही सोय पालकांनी कायद्याची वाट न पाहता करावी.

एक आक्षेप मनापासून विचारात घेण्यासारखा आहे. जाहिराती अडवल्या तर फुकट वाचायला मिळणाऱ्या साइट जगणार कशा? जिल्ह्याच्या बातम्या देणारं छोटं पोर्टल, पाककृतींची साइट, शेतीविषयक माहिती देणारी मंडळी, यांचं पोट जाहिरातीवर आहे. विरोध पाठलागाला हवा, जाहिरातीला नको. लेख शेतीचा असेल तर ठिबक सिंचनाची जाहिरात दाखवायला वाचकाचा इतिहास कशाला लागतो? नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची जाहिरात शाखा ‘स्टेर’ हिनं २०२० च्या सुरुवातीला माग काढणाऱ्या कुकीज बंद करून फक्त मजकुराशी जुळणाऱ्या जाहिराती विकायला घेतल्या. आधीच्या वर्षाच्या तुलनेत जानेवारीत तिचं डिजिटल उत्पन्न ६२ टक्क्यांनी आणि फेब्रुवारीत ७९ टक्क्यांनी वाढलं. मधल्या दलालांचा वाटा वाचला, हे त्यामागचं एक कारण. एका उदाहरणावरून सगळ्यांचा हिशेब मांडता येणार नाही, पण पाठलागाशिवाय जाहिरात चालतच नाही हा दावा त्यानं खोटा पाडला. ज्या साइट मनापासून आवडतात आणि ज्यांच्या जाहिराती अंगावर येत नाहीत, त्यांच्यासाठी अडवणूक बंद ठेवावी. वर्गणीची सोय असेल तर ती भरावी. मराठी मजकूर टिकायला तिचा जास्त उपयोग होईल.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर मात्र जाहिराती सरसकट अडवाव्यात, कारण तिथे प्रश्न पैशाचा आहे. बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा ग्राहकसेवा क्रमांक गूगलवर शोधला की सर्वांत वर ‘स्पॉन्सर्ड’ असं बारीक लिहिलेला निकाल येऊ शकतो आणि तो ठकांनी विकत घेतलेला असू शकतो. अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२ मध्ये अशा नकली शोध-जाहिरातींविरुद्ध इशारा दिला, तेव्हा नागरिकांना जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन वापरायचा सल्लाच दिला होता. आईबाबांचा फोन हातात घेऊन क्रोमच्या ‘साइट सेटिंग्ज’मधलं ‘नोटिफिकेशन्स’ उघडावं. कधीतरी नकळत ‘अलाउ’ दाबल्यामुळे लॉटरी, कर्ज आणि व्हायरसच्या खोट्या सूचना पाठवणाऱ्या साइट तिथे यादीत दिसतील. त्या एकेक करून बंद कराव्यात आणि पुढे कोणत्याच साइटनं ही परवानगी मागू नये, असं ठरवून द्यावं. ग्राहकसेवा क्रमांक पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्यायचा, हे सांगून फोनमध्ये त्या बँकेच्या नावानं तो क्रमांक जतन करावा. शेजारी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांकही जतन करून ठेवावा. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांतच तिथे फोन केला, तर रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.